शरीराचा तोल : एका शास्त्राची वाटचाल

'तालीम' हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. खेडेगावात कोणी 'तालीम' म्हटले की तांबडी माती, लंगोट, जोर-बैठका आणि दंड थोपटणारे पहिलवान डोळ्यांपुढे उभे राहतात. आपल्या घरांत व उर्दू शाळांत मात्र तालीम म्हणजे शिक्षण. मूळ अरबी शब्द एकच आणि त्याचा अर्थ 'शिकविणे'. मराठीने तो आखाड्यात नेला आणि शरीराच्या शिक्षणालाही तालीम म्हटले. तालीमच का, आखाड्यातले कितीतरी शब्द असेच दूरचा प्रवास करून आले आहेत. वजन, ताकद आणि कसरत हे अरबीतून आले. कुस्ती, पहिलवान आणि जखम हे फारसीतून. मराठी माणूस हे शब्द परके मानत नाही. ते त्याच्या अंगात मुरले आहेत.

शब्द जसे प्रवास करतात तसे ज्ञानही करते. माणूस उभा कसा राहतो, चालतो कसा, पडतो का, आणि पडल्यावर त्याची हाडे का मोडतात, या साध्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास मानवजातीला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. अथेन्स, बगदाद, मर्व, फ्लॉरेन्स, लायप्झिग अशी गावे या वाटेवर लागतात. हा इतिहास आपल्या शालेय पुस्तकांत सलगपणे कोठेच येत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात तरफ येते, पण ती लाकडी दांडक्याची. शरीरशास्त्राच्या धड्यात स्नायू येतात, पण त्यांत गणित नसते. आणि इतिहासाच्या पुस्तकात राजे येतात, तराजू येत नाही. ही तीन पुस्तके एकत्र ठेवून पाहण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

तोल म्हणजे काय?

वाचकहो, प्रथम एक प्रयोग करून पाहा. भिंतीला पाठ व टाचा टेकवून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायांचे अंगठे धरण्याचा प्रयत्न करा. तुम्ही पुढे कोलमडाल. एरवी सहज जमणारी ही गोष्ट भिंतीपाशी का जमत नाही? एरवी आपण वाकतो तेव्हा नकळत कंबर मागे जाते. भिंत तिला मागे जाऊ देत नाही.

प्रत्येक वस्तूत असा एक बिंदू असतो की तिचे सारे वजन जणू तेथेच एकवटले आहे असे मानून हिशेब करता येतो. यालाच गुरुत्वमध्य म्हणतात. ताठ उभ्या असलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणे बेंबीच्या किंचित खाली, ओटीपोटाच्या आत असतो. या बिंदूतून सरळ खाली सोडलेला ओळंबा जोवर दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेत पडतो, तोवर माणूस उभा राहतो. ओळंबा त्या जागेबाहेर गेला की एक तर पाऊल टाकावे लागते, नाही तर पडावे लागते.

आखाड्यातील वस्तादाला हा नियम पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. 'पाय फाकव, गुडघ्यात वाक, खाली बस' असे तो पठ्ठ्याला सांगतो. पाय फाकविल्याने पायाखालची जागा रुंदावते आणि वाकल्याने गुरुत्वमध्य खाली येतो. दोन्हींमुळे पाडणे अवघड होते. 'पट काढणे' म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायाखालचा आधारच काढून घेणे. धोबीपछाडीत आपली कंबर त्याच्या गुरुत्वमध्याखाली घालून त्याला पाठीवरून फिरविले जाते. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. अंगाने लहानखुरा मल्ल आपल्याहून धिप्पाड मल्लाला चीत करू शकतो, कारण कुस्ती ही केवळ बळाची नव्हे तर तोलाचीही विद्या आहे.

परंतु वस्तादाला जे अंगवळणी पडलेले असते ते नियमाच्या रूपाने मांडणे, मोजणे आणि दुसऱ्या ठिकाणी लावून पाहणे हे शास्त्राचे काम. ते कोणी, कसे केले?

ग्रीकांची सुरुवात

या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा पहिला मोठा विचारवंत म्हणजे ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२). आपल्याकडे अरबी-फारसी परंपरेतून तो 'अरस्तू' म्हणून परिचित आहे. प्राण्यांच्या चालण्याविषयी लिहिताना त्याने एक सुंदर कल्पना मांडली आहे. शाईत बुडविलेला बोरू डोक्याला बांधून एखादा माणूस भिंतीच्या कडेने चालला, तर भिंतीवर उमटणारी रेघ सरळ येणार नाही. ती खाली-वर जाणारी येईल. चालताना आपले डोके प्रत्येक पावलागणिक खाली-वर होते, हे त्याने कोणत्याही यंत्राशिवाय टिपले होते. चालणारा प्राणी पायाखालच्या भूमीवर जोर देतो म्हणूनच पुढे जातो, हेही त्याने ओळखले होते. पण फेकलेला दगड हातातून सुटल्यावर पुढे का जात राहतो, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर चुकीचे होते. मागची हवा दगडाला ढकलते, असे तो म्हणे.

त्यानंतर आर्किमिडीजने (इ. स. पूर्व सुमारे २८७ ते २१२) तरफेचा नियम आणि गुरुत्वमध्याचे गणित सिद्ध केले. पण त्याने विचार केला तो आकृत्यांचा व दांड्यांचा, माणसाच्या हातापायांचा नव्हे.

हातापायांकडे पाहिले ते गॅलनने. अरबी-फारसीत त्याला 'जालीनूस' म्हणतात. इ. स. १५७ च्या सुमारास हा तरुण वैद्य पर्गमम येथे ग्लॅडिएटरांचा, म्हणजे जिवावरच्या झुंजी खेळणाऱ्या मल्लांचा, शल्यवैद्य होता. उघड्या पडलेल्या स्नायूंना आणि तुटलेल्या शिरांना त्याने जवळून पाहिले. स्नायू स्वतः आखडून हाड ओढतो आणि त्याला परत नेण्यास विरुद्ध बाजूचा दुसरा स्नायू लागतो, हे त्याने स्पष्ट केले. कोपर वाकविणारा स्नायू वेगळा आणि सरळ करणारा वेगळा, हे आपण आज सहज म्हणतो. त्याच्या मागे त्या दुर्दैवी मल्लांच्या जखमा आहेत.

बगदाद आणि मर्व

नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांच्या भाषांतराचे प्रचंड कार्य झाले. हुनैन इब्न इसहाक (मृत्यू इ. स. ८७३) या ख्रिस्ती वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलनचे शंभरांवर ग्रंथ सिरियाक व अरबीत आणले. एका मूळ ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती मिळवून, त्या ताडून पाहून मगच भाषांतर करावे, अशी हुनैनची शिस्त होती. याच काळात हर्रानच्या साबित इब्न कुर्राने (मृत्यू इ. स. ९०१) एका बाजूला आखूड व दुसऱ्या बाजूला लांब दांडी असलेल्या तराजूवर ग्रंथ लिहिला. तो पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात शिकविला जाऊ लागला. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हुनैन मुसलमान नव्हता आणि साबितही नव्हता. ज्ञानाच्या त्या बाजारात माल कोणी आणला हे पाहिले जात नसे. माल खरा की खोटा एवढेच पाहिले जाई.

इब्न सीना (९८० ते १०३७) याने ॲरिस्टॉटलच्या दगडाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनस याने हवेचे उत्तर आधीच नाकारले होते. इब्न सीनाने म्हटले की, फेकणारा दगडाला एक 'मैल' देतो. मैल म्हणजे कल, ओढ. उर्दूत आपण 'माइल होना' म्हणतो, ते याच धातूपासून. वाटेत अडथळा नसेल तर हा मैल आपोआप संपणार नाही, इतका विचार त्याने केला. पुढे अबुल बरकात अल-बगदादी याने, पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत का जातो, याचे कारण मैलांची एकावर एक भर पडत जाते असे सांगितले.

इब्न अल-हैसम (सुमारे ९६५ ते १०४०) हा प्रकाशशास्त्रासाठी प्रसिद्ध आहे. पण प्रकाश समजावून देताना त्याने आघाताचा एक दाखला दिला आहे. पातळ फळीवर लोखंडी गोळा काटकोनात जोराने मारला तर तो फळी फोडून जातो. तोच तिरपा मारला तर फळी शाबूत राहते. आघाताची दिशा बदलली की त्याचा परिणामही बदलतो. हा दाखला ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आणि आता मर्व. आज हे शहर तुर्कमेनिस्तानात भग्नावस्थेत आहे. बाराव्या शतकात ते सेल्जुक सुलतान संजर याची वैभवशाली राजधानी होते. तेथे अल-खाझिनी नावाचा एक विद्वान होता. जन्माने तो ग्रीक गुलाम. त्याच्या मालकाने त्याला शिकविले. मालकाने केवळ पाणी भरावयास लावले असते, तर एका मोठ्या ग्रंथाला जग मुकले असते. ११२१ च्या सुमारास त्याने 'किताब मीझान अल-हिकमा', म्हणजे 'शहाणपणाचा तराजू', हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात अल-कूही व इब्न अल-हैसम यांचे गुरुत्वमध्याविषयीचे सिद्धान्त दिलेले आहेत, निरनिराळ्या धातूंची व रत्नांची विशिष्ट गुरुत्वे दिलेली आहेत, आणि अत्यंत नाजूक तराजू कसा बनवावा हे सविस्तर सांगितले आहे. बरोबर शंभर वर्षांनी, १२२१ मध्ये, मंगोल फौजांनी मर्व उद्ध्वस्त केले. पण ग्रंथ वाचला. या ग्रंथाची अरबी आवृत्ती १९४० च्या सुमारास हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने छापून प्रसिद्ध केली. त्या काळी आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. मर्वचा तराजू अशा रीतीने आपल्या दारापर्यंत आला होता. आपल्यापैकी कितीजणांनी तो उघडून पाहिला, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या सभा-संमेलनांतून कधी कधी असे ऐकू येते की, न्यूटनचे नियम इब्न सीनाने सहाशे वर्षे आधीच सांगून ठेवले होते. हे खरे नाही. इब्न सीनाने मैलाची कल्पना मांडली, पण नियम म्हणून तिचे गणित मांडले नाही. किंबहुना, अडथळाच नसेल तर गती कधीच थांबणार नाही, हे अशक्य वाटते म्हणून पोकळी असूच शकत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. दुसऱ्या बाजूला असेही म्हटले जाते की, अरबांनी ग्रीकांचे ज्ञान फक्त पेटीत जपून ठेवले. हेही खरे नाही. त्यांनी शंका घेतल्या, मोजमापे केली. अब्दुल लतीफ अल-बगदादी याने १२०० नंतरच्या भीषण दुष्काळात इजिप्तमध्ये उघड्यावर पडलेल्या शेकडो सांगाड्यांची तपासणी केली आणि खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकसंध आहे, गॅलन चुकला, असे निर्भयपणे लिहिले. पूर्वजांना त्यांच्या वाट्याचे श्रेय द्यावे, त्याहून कमी नको आणि अधिकही नको. खोट्या वजनाने तोललेला अभिमान फार काळ टिकत नाही.

फळीवरचा माणूस

सतराव्या शतकात हे सारे धागे इटलीत एकत्र आले. १६३८ मध्ये गॅलिलिओने दाखवून दिले की, प्राणी आकाराने वाढतो तसे त्याचे वजन त्याच्या हाडांच्या मजबुतीपेक्षा झपाट्याने वाढते. म्हणून हत्तीची हाडे हरणाच्या हाडांची नुसती मोठी नक्कल असून चालत नाहीत. ती प्रमाणाबाहेर जाड असावी लागतात. याच कारणाने तीन-चार हातांवरून पडलेल्या घोड्याची हाडे मोडतात, पण कुत्र्याला काही होत नाही, आणि मांजर त्याहूनही उंचावरून पडून चालू लागते, असे त्याने लिहिले.

पण मानवी शरीराच्या यंत्रशास्त्राचा खरा जनक म्हणजे जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली. १६०८ मध्ये नेपल्स येथे जन्मलेला हा मनुष्य पेशाने गणिताचा शिक्षक. १६५८ मध्ये फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात त्याला एक अरबी हस्तलिखित आढळले. ग्रीक गणिती अपोलोनियसच्या ज्या भागांचे मूळ ग्रीक नष्ट झाले होते, ते त्यात अरबीत शिल्लक होते. बोरेल्लीला अरबी येत नव्हते. मग त्याने लेबनॉनकडील अब्राहम एक्केलेन्सिस या अरबी पंडिताबरोबर बसून ते लॅटिनमध्ये आणले आणि १६६१ मध्ये छापले. एकाने भाषा जाणावी, दुसऱ्याने गणित जाणावे आणि दोघांनी मिळून हरवलेला ग्रंथ परत आणावा, याहून विद्येचे सुंदर चित्र कोणते?

याच बोरेल्लीने आयुष्याची कित्येक वर्षे 'प्राण्यांची गती' या ग्रंथासाठी वेचली. माणसाचा गुरुत्वमध्य शोधण्यासाठी त्याने साधी युक्ती केली. एका धारेवर लाकडी फळी तोलून धरली, तीवर माणसाला उताणे निजविले, आणि फळी दोन्ही बाजूंना समतोल होईपर्यंत ती सरकवली. जिवंत माणूसच त्याने तराजूत घातला!

त्याचा दुसरा शोध अधिक आश्चर्याचा होता. आपण हातात पाच किलोची पिशवी धरून कोपर काटकोनात वाकविले, तर दंडाच्या स्नायूला किती जोर लावावा लागेल? पाच किलोइतका, असेच कोणीही म्हणेल. पण स्नायू हाडाला कोपरापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर जोडलेला आहे आणि पिशवी आहे पस्तीस सेंटिमीटरवर. तरफेच्या नियमाने स्नायूला सातपट, म्हणजे पस्तीस किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. निसर्गाने आपल्याला बळ वाचविणारी तरफ दिली नसून वेग देणारी तरफ दिली आहे. स्नायू थोडा आखडतो आणि पंजा मोठे अंतर जातो. म्हणूनच आपण दगड भिरकावू शकतो. आणि म्हणूनच कमरेतून वाकून, हात लांब करून धान्याचे पोते उचलणाऱ्याची पाठ धरते. पोते अंगाजवळ घेऊन, गुडघ्यात वाकून उचलावे, हा हमालाचा शहाणपणा बोरेल्लीच्या गणिताने सिद्ध होतो.

राजकीय संशयामुळे बोरेल्लीला सिसिली सोडावी लागली. अखेरीस रोममध्ये नोकराने त्याचे घर लुटले आणि हा वृद्ध विद्वान एका धार्मिक शाळेच्या आश्रयाला राहून मुलांना गणित शिकवू लागला. ३१ डिसेंबर १६७९ रोजी तो वारला. त्याचा ग्रंथ १६८०-८१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, निघाला. छापलेले पहिले पान त्याला पाहावयास मिळाले नाही.

चालणे : एक सावरलेले पडणे

१६८७ मध्ये न्यूटनने गतीचे तीन नियम दिले आणि जुना मैलाचा प्रश्न कायमचा सुटला. धावती एस. टी. अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात, कारण पाय गाडीबरोबर थांबतात, पण धड पहिल्याच वेगाने जाऊ पाहते. आपण चालतो तेव्हा जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. चिखलात किंवा सांडलेल्या तेलावर ती ढकलू शकत नाही. म्हणून आपण घसरतो.

१८३६ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म व एडुआर्ड वेबर या बंधूंनी चालण्यावर ग्रंथ लिहिला. पुढे जाणारा पाय घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप झुलतो, असे त्यांचे मत होते. १८९१ मध्ये लायप्झिगच्या ब्राउने व फिशर यांनी एका माणसाच्या अंगावर विजेच्या नळ्या बांधून, अंधारात त्याच्या चालण्याची छायाचित्रे घेतली. त्यांवरून वर्षानुवर्षे आकडेमोड करून फिशरने सिद्ध केले की, पाय नुसता झुलत नाही. स्नायूही त्याला चालना देतात. ॲरिस्टॉटलच्या बोरूची खाली-वर जाणारी रेघ अखेर कागदावर आली.

चालणे म्हणजे काय, हे आता थोडक्यात सांगता येईल. आपण मुद्दाम तोल घालवितो, पुढे पडू लागतो आणि पडण्याच्या आत पाऊल टाकून स्वतःला सावरतो. हजारो वेळा पडणे आणि हजारो वेळा सावरणे, याचे नाव चालणे. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बायका हे काम किती कौशल्याने करतात! केनियातील लुओ व किकुयू स्त्रियांचे मोजमाप घेतलेले संशोधन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःच्या वजनाच्या एक-पंचमांश इतके ओझे डोक्यावर घेऊनही त्यांना जादा शक्ती खर्च करावी लागत नाही, असे त्यात आढळले. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांच्या चालीत असे शास्त्र दडलेले असते.

कानातला तराजू

तोल सावरण्यासाठी तो ढळतो आहे हे कळावे तर लागेल! ही वर्दी डोळे देतात, तळपाय व सांधे देतात, आणि तिसरी वर्दी देतो तो आपला कान. १८२० च्या दशकात फ्लूरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतराच्या कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापल्या. कबुतराला ऐकू येत होते, पण ते गरागरा फिरू लागले. १८७० च्या दशकात त्याचा उलगडा झाला. एकमेकींशी काटकोनात असलेल्या या तीन नलिकांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळते, पण द्रव मागे राहतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळण कळते. फुगडी थांबल्यावर जग फिरताना दिसते, कारण आपण थांबलो तरी द्रव अजून फिरत असतो. एस. टी. तील प्रवासी आणि कानातला द्रव एकच नियम पाळतात.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी या डॉक्टरने पाहिले की, कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असेल तर रोग्याला भोवळ येते आणि त्याचे डोळे ठरावीक दिशेने थरथरतात. त्यावरून त्याने तोलेंद्रियाची परीक्षा करण्याची पद्धत बसविली. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पण ते जाहीर झाले १९१५ मध्ये, आणि तेव्हा हा डॉक्टर पहिल्या महायुद्धात रशियनांचा कैदी होता. कोठे, ठाऊक आहे? मर्वमध्ये! ज्या भूमीवर अल-खाझिनीने 'शहाणपणाचा तराजू' लिहिला, तेथेच जवळजवळ आठशे वर्षांनी, कैदेत असलेल्या माणसाला, माणसाच्या आतला तराजू शोधल्याचा सन्मान कळला. इतिहास कधी कधी असे योग जुळवून आणतो.

आघात : सेंटिमीटरची किंमत

आता शेवटचा आणि सर्वांत निकडीचा भाग. पडल्याने इजा होत नाही, थांबल्याने होते. अगदी अचूक बोलायचे तर, किती कमी अंतरात थांबलो यावर इजा ठरते. हिशेब सोपा आहे. जितक्या उंचीवरून पडलो तिला थांबण्याच्या अंतराने भागा. शरीराच्या वजनाच्या जवळजवळ तितके पट सरासरी आघात बसतो. डोके दीड मीटरवरून पडून फरशीवर अर्ध्या सेंटिमीटरात थांबले तर आघात तीनशे पट. तेच तीन सेंटिमीटरात थांबले तर पन्नास पट. अडीच सेंटिमीटरचा फरक, पण तो जीव जाण्याचा आणि वाचण्याचा फरक ठरतो.

अमेरिकेतील ह्यू डीहेवन हा १९१७ मध्ये विमान-अपघातातून वाचला. आपण का वाचलो, याचा विचार करीत त्याने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास केला आणि १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. भुसभुशीत माती, वाकलेला पत्रा यांनी थांबण्याचे अंतर वाढविले होते. पहिलवान पडताना अंग गोल करून लोळतो, तोही हेच करतो. सरळ आघात तिरपा होतो, अंतर वाढते. इब्न अल-हैसमच्या फळीवरचा तिरपा गोळा तो हाच.

१० डिसेंबर १९५४ रोजी कर्नल जॉन स्टॅप या डॉक्टरने स्वतःला अग्निबाणाच्या घसरगाडीला बांधून घेतले. ताशी सुमारे १०१७ किलोमीटर वेगावरून गाडी दीड सेकंदाहून कमी वेळात थांबली. कमाल आघात वजनाच्या ४६ पट होता. डोळ्यांत रक्त उतरले, पण पट्ट्यांनी नीट बांधलेले शरीर वाचले. १९५९ मध्ये व्होल्वो कारखान्याच्या निल्स बोलिन यांनी खांद्यावरून व कमरेवरून जाणारा आसनपट्टा मोटारीत आणला.

आणि हेल्मेट? अरबस्तानातील मोहिमांमुळे गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडून, डोक्याला मार लागून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक, मेंदूचे शल्यवैद्य ह्यू केर्न्स, यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला. १९४१ मध्ये त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. हेल्मेटच्या आतला पांढरा थर काही शोभेचा नसतो. तो चुरडला जातो आणि डोक्याला थांबावयास दोन-तीन सेंटिमीटर देतो.

ताशी चाळीस किलोमीटर वेगाने स्कूटरवरून आपटणे म्हणजे सुमारे सव्वासहा मीटर, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून, पडण्यासारखे आहे. गच्चीच्या कठड्यावर आपण मुलाला उभे करू का? पण सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहून पाहा. पुढे एक, मागे दोन, आणि कोणाच्याही डोक्यावर काही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम आणि त्यातील २०१९ ची दुरुस्ती चार वर्षांवरील प्रत्येक स्वाराला हेल्मेट सांगते. पण दंडाच्या भीतीने घातलेले हेल्मेट चौक ओलांडताच आरशावर लटकते. भागाकार समजून घातलेले हेल्मेट डोक्यावर राहते. शिक्षणाचा काही उपयोग असेल तर तो हाच.

समारोप

वाचकहो, गॅलनपुढे जखमी मल्ल होते, अल-खाझिनी गुलाम होता, बोरेल्ली निर्वासित होता, बारानी कैदी होता. तरीही प्रत्येकाने मागच्याचे घेतले, तपासले, चुकले ते सोडले आणि पुढच्याच्या हाती दिले. ही साखळी कोणा एका देशाची वा जमातीची नाही. जो अभ्यास करील त्याची ती आहे.

आपल्या शाळांतील मुला-मुलींनी या साखळीत आपली कडी घालावी, अशी इच्छा असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतील. प्रयोगशाळेच्या कपाटाला लागलेले कुलूप काढावे लागेल, आणि तरफ शिकविताना दांडक्याबरोबर मुलांना स्वतःचे कोपरही दाखवावे लागेल. फळी, धार आणि एक धिटाईचा विद्यार्थी, एवढ्यावर बोरेल्लीचा प्रयोग कोणत्याही शाळेच्या अंगणात होतो. त्यासाठी अनुदान लागत नाही. मुलींनाही त्या फळीभोवती उभे राहू द्या, आकडे त्यांना लिहू द्या. उद्या त्यांच्यातीलच एखादी अस्थितज्ज्ञ होऊन आपल्या गावातील म्हाताऱ्या माणसाचे मोडलेले खुब्याचे हाड सांधील.

तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ, मनाचे शिक्षण आणि शरीराचे शिक्षण, मराठीने जपून ठेवले आहेत. ते एकत्र नांदविणे आपल्या हाती आहे.